पोराला रॉक बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचंय

प्रश्न : ताई, मुलगा बारावीला आहे. पंचवटीत एका गुरुजींकडे लहानपणापासून व्हायोलिन शिकतो, परीक्षाही दिल्यात. आता म्हणतो, इलेक्ट्रिक व्हायोलिन घेऊन द्या, रॉक बँडमध्ये जायचंय. गुरुजी म्हणतात हात बिघडेल. ह्याचे बाबा म्हणतात, त्याने पोट भरणार आहे का? मी मधल्या मध्ये. खरं काय ते सांगा.
– एक आई, इंदिरानगर

उत्तर : बाबांचं आधी घेते, कारण त्यांची शंका रास्त आहे. नुसतं रॉक वाजवून घर चालवणारा व्हायोलिनवाला नाशकात माझ्या ओळखीचा एकही नाही, आणि त्यात मीही आले. माझा किराणा भरतो तो लग्नांतून आणि शिकवण्यांतून. सीझनला गंगापूर रोडच्या लॉन्सवर हळद, संगीत, रिसेप्शन अशी रांग लागते. नवरी स्टेजकडे निघाली की तिच्या मागे वाजवत चालायचं, मग डीजेच्या ट्रॅकवर तासभर. ज्या पेडलांवर, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डब्यांवर, मी बँडसाठी पैसे घातले, त्यांची वसुली तिथे होते. चातुर्मासात फोन वाजत नाही, तेव्हा शिकवण्या. बँड हा जिवाचा मामला, हिशेबाच्या वहीत तो कायम उणे बाजूलाच असतो. तेव्हा पदवी पुरी होऊ द्या, कुठलीही. कर्ज काढून मात्र वाद्य घेऊ नका.

आता माझ्या मते महत्त्वाचं, जे ह्या पोरांना कुणी सांगत नाही. रॉक बँडच्या दहा गाण्यांत व्हायोलिन लागतं दोन-तीन गाण्यांना. उरलेल्या गाण्यांत तो करणार काय? मोठमोठ्यांचे हिशेब बघा. कॅन्सस बँडचा रॉबी स्टाइनहार्ट व्हायोलिन वाजवायचा आणि मुख्य आवाजात गायचाही. एडी जॉबसन 1973 मध्ये रॉक्सी म्युझिकमध्ये गेला तो सिंथेसायझर आणि व्हायोलिन दोन्ही घेऊन. जेंटल जायंट बँडमध्ये रे शुलमन मुख्यतः बेस गिटारवाला, व्हायोलिन जोडीला. निव्वळ व्हायोलिनवर उभे राहिलेलेही आहेत. जेरी गुडमन महाविष्णू ऑर्केस्ट्रा ह्या बँडमध्ये होता, त्याच्यानंतर तिथे जाँ-लुक पाँती आला. पण त्या बँडचं संगीतच असं की व्हायोलिन गिटारच्या तोडीस तोड धावायचं. आपल्याकडच्या कॉलेज बँडमध्ये तशी गाणी कोण बसवतंय? म्हणून मुलाला कीबोर्ड शिकवा, नाहीतर गळा असेल तर गायला लावा. असा पोरगा बँडवाले सोडत नाहीत.

गुरुजींचं म्हणणं अर्धं खरं. हात बिघडत नाही, पण सवय बदलावी लागते. तो मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं टोक पायावर टेकलेलं, त्यामुळे डावा हात मोकळा आणि मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, लोण्यासारखी. उभं राहिलं की वाद्याचा भार हनुवटी आणि खांद्यावर येतो, तीच मींड काही महिने अडखळते. तारांचंही तसंच. गुरुजींनी सा-प लावून दिलेत, बँडमध्ये तारा जी-डी-ए-ई ह्या पाश्चात्त्य सुरांना. गिटारवाला ‘ई मायनर’ अशी पट्टी ओरडला की ह्याचा सा कुठे गेला हे त्याला अर्ध्या क्षणात कळलं पाहिजे. पण रागदारी सोडून रॉक कर असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. व्हायोलिनवाले एल. शंकर अस्सल कर्नाटकी संगीताच्या घरातले. गिटारवाला जॉन मॅकलॉफलिनबरोबर ‘शक्ती’ ह्या बँडमध्ये वाजवलं, पुढे दोन मानांचं दहा तारांचं इलेक्ट्रिक व्हायोलिन करून घेतलं, तरी बोटांतली गमकं, म्हणजे सुरांची ती आंदोलनं, कुठे गेली नाहीत. गुरुजींना हे ऐकवा. चिडले तर चहा पाजा.

प्रश्न : नवीन इलेक्ट्रिक व्हायोलिन थेट मिक्सरला जोडलं. आवाज पत्र्यासारखा येतो, वरच्या सुरांना कानात सुई टोचते. वाद्यच खराब आहे का?
– एक विद्यार्थी, सातपूर

उत्तर : वाद्याला दोष देऊ नकोस. ब्रिजखाली (तारा टेकतात त्या घोडीखाली) बसवलेला पिकअप, म्हणजे कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा तुकडा, बहुतेक पिएझो जातीचा असतो. त्याला समोरचा इनपुट खूप जास्त इम्पिडन्सचा, म्हणजे विजेला जास्त अडवणारा, लागतो, एक मेगाओहमच्या आसपास. मिक्सरच्या लाइन इनपुटला थेट खोचलंस तर खालचे सूर गळतात आणि उरतो तो पत्रा. मध्ये प्रीअ‍ॅम्प घाल, बॅटरीवर चालणारा छोटा डबा असतो. मग इक्वलायझरवर दोन ते चार किलोहर्ट्झचा पट्टा थोडा खाली घे, सुई तिथेच आहे. तुझी सगळ्यात जाड तार 196 हर्ट्झची, तिच्या बऱ्याच खालचं सगळं काप. तिथे संगीत नसतं, नुसती धडधड. डिस्टॉर्शन, म्हणजे रॉक गिटारसारखा फाटका आवाज, लावशील तेव्हा एका वेळी एकच तार. दोन तारा वाजवायच्याच तर सा-प सारखा पाचवा सूर धरून, बाकी जोड्यांचा चिखल होतो. आणि पेडल घेण्याआधी गज नीट ओढायला शीक. थरथरता गज डिस्टॉर्शनमध्ये लपत नाही, दुप्पट दिसतो.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. तरुणपणी व्हायोलिन वाजवायचो. नातवाच्या बँडमध्ये वाजवावंसं वाटतं, पण लोक हसतील का?
– एक आजोबा, कॉलेज रोड

उत्तर : काका, पापा जॉन क्रीच हे नाव नातवाला विचारा. 1917 चा जन्म. आयुष्यभर हॉटेलांच्या लाउंजमध्ये, जहाजावर, मिळेल तिथे वाजवलं. 1970 मध्ये जेफरसन एअरप्लेन ह्या अमेरिकन रॉक बँडमध्ये व्हायोलिन घेऊन आले तेव्हा पन्नाशी उलटली होती, बाकीचे त्यांच्या मुलांच्या वयाचे. गर्दी सगळ्यात जास्त त्यांच्याच सोलोला ओरडायची म्हणतात. लोक हसले तर हसू द्या. प्रॅक्टिसला जाताना नातवाला अ‍ॅम्प उचलायला लावा, तुम्ही फक्त व्हायोलिनची पेटी घ्या.

प्रश्न : आमच्या ढोल पथकाबरोबर मिरवणुकीत इलेक्ट्रिक व्हायोलिन वाजवायचं ठरतंय. जमेल?
– पथकातली एक वादक, द्वारका परिसर

उत्तर : वाजेल. ऐकू येईलच असं नाही. नाशिक ढोलाचा ठोका मुख्यतः खालच्या पट्टीचा, तुझी मधली तार त्याच्यावरून जाईल, पण ताशा वरच्या सुरांना गिळेल. त्यामुळे ताशा थांबतो तिथे तुझी जागा ठरवून घे, आणि ट्रॉलीवरचा स्पीकर तुझ्या पाठीमागे नको, बाजूला पुढे ठेव. कानात इअरप्लग घाल. 85 डेसिबलचा आवाज कानाला आठ तास चालतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. मिरवणूक त्याहून मोठी आणि त्याहून जोराची असते. गजाला राळ जास्त लाव, गुलालाने केस गुळगुळीत होतात. आणि चांगला गज त्या दिवशी घरी.