वाचक विचारतात : हलकी सायकल बांधून घेताना

सायकलीविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण सर्वांचा रोख एकच आहे : दुकानातील तयार सायकल न घेता फ्रेम, चाके आणि गियरसंच वेगवेगळे निवडून मनाजोगती हलकी सायकल बांधून घ्यायची आहे. पत्रांतील खासगी तपशील गाळले आहेत. मोजमापे मात्र जशी आली तशीच ठेवली आहेत.

प्रश्न : माझे वय ४६, वजन ७८ किलो. सध्याची ॲल्युमिनियमची सायकल ९.८ किलोची आहे. पुढच्या दोन चकत्यांना ५२-३६ आणि मागच्या चकत्यांना ११ ते ३० असे दाते आहेत. दर रविवारी सिंहगड चढतो. आता रेनॉल्ड्स ८५३ नळ्यांची स्टीलची फ्रेम बांधून घेऊन सात किलोच्या आतली सायकल करायचा विचार आहे. त्यासाठी शिमानोचा सर्वांत वरचा ड्युरा-एस गियरसंच घ्यावा की खालच्या दर्जाचा १०५ पुरेल? (पुणे)

उत्तर : आधी बेरीज करून पाहू, कारण सात किलोचा आकडा तिथेच अडतो. ८५३ ची नीट बांधलेली फ्रेम साधारण १.८ किलो, कार्बनचा चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) ४०० ग्रॅम, चाकांची जोडी दीड किलो, २८ मिलिमीटरचे दोन टायर ५६० ग्रॅम. हँडल, स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा), सीटपोस्ट आणि सीट यांचे मिळून पाऊण किलो, पायडल पाव किलो. हेडसेट, एक्सल, ट्यूब, हँडलची पट्टी असे किरकोळ सामान तीनशे ग्रॅमच्या घरात. त्यात १०५ चा इलेक्ट्रॉनिक संच धरला, तर तीन किलो आणखी वाढतात आणि काटा ८.६ च्या आसपास थांबतो. १०५ ऐवजी मधल्या दर्जाचा अल्टेग्रा घेतल्यास सुमारे पावणेतीनशे ग्रॅम वाचतात आणि अल्टेग्राऐवजी ड्युरा-एस घेतल्यास आणखी तितकेच. म्हणजे सर्वांत महाग संच घेऊनही आपण आठ किलोपर्यंतच येता. उरलेला किलो फ्रेममधूनच काढावा लागेल आणि ८५३ तो देणार नाही. या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात; मधल्या भागात भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. कारागिराकडे गेलात तर सुटी नळी हातात घेऊन नखाने टोकाकडून मध्याकडे टिचकी मारत जा, आवाज बदललेला स्पष्ट ऐकू येतो. ती भिंत याहून फार पातळ केली, तर भिंतीला टेकवलेली सायकल घसरून पडली तरी नळीला पोचा येईल.

शर्यतीच्या सायकलींसाठी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २००० सालापासून ६.८ किलोची किमान मर्यादा घातलेली आहे. ती आपल्याला लागू नाही. पण तो आकडा जाहिरातींतून इतका फिरला आहे की हौशी स्वारांनाही आपली सायकल त्याच्या जवळपास हवी असे वाटू लागले आहे.

आता सिंहगडाचा हिशेब. चढाई सहाशे मीटरची धरली, तर एक किलो वजन वर नेण्यास सुमारे ५,९०० जूल लागतात. आपण सरासरी २०० वॅट शक्ती लावत असाल, तर त्या एका किलोपायी अर्धा मिनिट जास्त लागतो. पाऊण तासाच्या चढात अर्धा मिनिट कमी नाही, पण ड्युरा-एसच्या अर्ध्या किलोने त्यातली फक्त पंधरा-सोळा सेकंदे हाती येतील, आणि बाटलीतले अर्धा लिटर पाणी पायथ्याशी पिऊन टाकले तरी तेवढाच फरक पडतो.

खरी अडचण आपल्या दात्यांत आहे. पुढे ३६ आणि मागे ३० दाते असताना मिनिटाला ६० फेरे मारायचे, तर सायकल ताशी ९.२ किलोमीटरने चालली पाहिजे. सायकल, पाणी आणि स्वार मिळून ९० किलो धरले, तर दहा टक्के चढावर या वेगासाठी सुमारे २३५ वॅट लागतात. पुढे ३४, मागे ३४ असे केले, तर त्याच फेऱ्यांना ताशी ७.७ किलोमीटर पुरतात आणि गरज दोनशे वॅटच्या आत येते. उभे राहून पायडल दाबत गुडघे दुखवण्याचे प्रमाण यानेच कमी होईल. म्हणून १०५ घ्या, मागे ११-३४ किंवा ११-३६ घ्या आणि वाचलेले पैसे कारागिराला द्या. तत्पूर्वी जुन्या सायकलीवरच ११-३४ लावून दोन रविवार चढून पाहावे. मागच्या गियरचा पिंजरा, म्हणजे साखळी ताणून धरणारा लोंबता भाग, लांब आहे की आखूड, एवढे मात्र आधी तपासून घ्यावे. आखूड असल्यास तोही बदलावा लागेल.

प्रश्न : माझी उंची १५१ सेंटिमीटर आहे. कंपन्यांचे सर्वांत लहान माप घेतले, स्टेम ६० मिलिमीटरपर्यंत आखूड केला, तरी मान आणि खांदे दुखतात, आणि हळू वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागते. क्रँक (पायडलचा दांडा) १७० मिलिमीटरचा आहे. माप देऊन फ्रेम बांधून घेतली तर हे सुटेल का? की कार्बनची हलकी सायकल घेणे बरे? (कोल्हापूर)

उत्तर : माप देऊन बांधलेल्या फ्रेमचा खरा उपयोग आपल्यासारख्यांनाच होतो. मध्यम उंचीच्या स्वाराला तयार मापांत काही ना काही बसतेच; तो कारागिराकडे जातो ते बहुतेक वेळा हौसेपोटी, आणि त्यात गैर काही नाही. आपल्याला मात्र पर्याय नाही.

लहान मापाच्या फ्रेममध्ये कंपन्या एक चलाखी करतात. सीटची नळी जास्त उभी करतात, त्यामुळे वरच्या नळीची लांबी कागदावर कमी दिसते. स्वार मग सीट मागे सरकवून पायडलच्या योग्य मागे बसतो आणि हँडल होते तेवढेच लांब राहते. म्हणून कारागिराशी बोलताना वरच्या नळीची लांबी न सांगता रीच सांगावा, म्हणजे क्रँक ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीच्या) वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर. सीट कितीही मागेपुढे केली तरी हा आकडा बदलत नाही.

बुटाचा प्रश्न चाकातून सोडवावा. ७०० च्या चाकावर २८ चा टायर असेल, तर त्रिज्या ३३९ मिलिमीटर होते. त्याहून लहान ६५०-बी चाकावर ३२ चा टायर असेल, तर ३२४. इथे १५ मिलिमीटर सुटले. क्रँक १७० ऐवजी १६० चा घेतला की आणखी १० सुटले. फ्रेमच्या कोनाला हात न लावता बुटापुढे २५ मिलिमीटर मोकळी जागा मिळाली. क्रँक आखूड झाल्याने सीट १० मिलिमीटर वर घेता येते, त्यामुळे पायडल वरच्या टोकाला असताना गुडघ्याला २० मिलिमीटर जास्त मोकळीक मिळते. पोट आणि मांडी यांची दाटी त्याने कमी होते आणि मानही थोडी सैलावते. १०५ पासून ड्युरा-एसपर्यंत १६० चा क्रँक मिळतो, त्यामुळे यासाठी कुठे शोधत फिरावे लागणार नाही.

अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी १९८५ साली लहानखुऱ्या स्त्रियांसाठी सायकली बनवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी फक्त पुढचे चाक लहान केले होते, २४ इंची. युक्ती उत्तम होती, पण दोन मापांच्या ट्यूब बाळगाव्या लागत. डिस्क ब्रेकच्या फ्रेमवर दोन्ही चाके ६५०-बी ठेवली की ती कटकट राहत नाही.

यापुढचा क्रम महत्त्वाचा आहे. चिमटा आधी ठरवा, फ्रेम नंतर. कार्बनचे चिमटे ठरावीक रेकचेच मिळतात; रेक म्हणजे चिमटा ज्या रेषेभोवती वळतो तिच्यापुढे चाकाचा आस जितका असतो ते अंतर. ४५ आणि ५० मिलिमीटर हे त्यांतले नेहमीचे. हेडट्यूबचा कोन ७१.५ अंश आणि रेक ५० ठेवला, तर आपल्या चाकावर ट्रेल, म्हणजे ती रेषा जमिनीला भेटते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर, सुमारे ५६ मिलिमीटर येतो. हीच रस्त्यावरच्या सायकलीची ओळखीची, ना जड ना चंचल अशी वळण्याची चाल. रेक ४५ चा आला, तर ट्रेल ६१ पर्यंत जातो आणि संथ वेगात हँडल आळसावते. फ्रेम आधी बांधून मग मिळेल तो चिमटा बसवला, की नेमके हेच घडते.

राहिला कार्बनचा मुद्दा. साच्यातून निघणारी कार्बन फ्रेम साच्याच्याच मापाची असणार. नळ्या कापून आणि गुंडाळून मापाची कार्बन फ्रेम बनवणारे कारागीर जगात आहेत, पण ते काम फार महाग पडते. आपण स्टील किंवा टायटॅनियम घ्यावे; चारशे ग्रॅम जास्त झाले तर होऊ द्यावेत.

प्रश्न : वजन ९२ किलो, राहणार समुद्राजवळ. १,२५० ग्रॅमची कार्बन चाके पसंत केली आहेत : पुढे २० आणि मागे २४ आरे, ॲल्युमिनियमची निपल (आरा रिमला आवळणारे छोटे नट), हुकलेस रिम (टायरची कड अडवणारा आकडा नसलेली). चाकातला एक ग्रॅम फ्रेममधल्या दोन ग्रॅमसारखा, असे विक्रेता म्हणतो. (रत्नागिरी)

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे वेग वाढवतानाच्या क्षणापुरते जवळजवळ खरे आहे, कारण रिमला पुढे जाण्याची आणि फिरण्याची अशी दुहेरी ऊर्जा द्यावी लागते. घाटात एकसारख्या वेगाने चढताना ग्रॅम म्हणजे ग्रॅमच, तो कुठेही असो.

आपल्या वजनाला पुढे २४ आणि मागे २८ आरे हवेत. मागच्या चाकात गियरच्या बाजूचे आरे ताणलेले असतात आणि दुसऱ्या बाजूच्या आऱ्यांना त्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक ताण मिळतो. वजनदार स्वाराखाली हे सैल आरे प्रत्येक फेऱ्यात आणखी सैलावतात, निपल फिरते, आणि महिन्या-दीड महिन्याने चाकाचा आउट काढायला जावे लागते. आरे मध्ये बारीक असलेलेच घ्या. ते नाजूक दिसतात, पण मधला भाग किंचित ताणला जात असल्यामुळे कोपराशी, म्हणजे जिथे आरे खरोखर तुटतात तिथे, झीज कमी होते.

निपल पितळीच घ्यावीत, याविषयी मी तडजोड सुचवणार नाही. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून असतील आणि मध्ये खारी ओल आली, तर ॲल्युमिनियम खाल्ले जाते. कोकणातल्या हवेत दोन पावसाळ्यांनंतर काढलेली अशी निपल मी पाहिली आहेत : वरून पांढरी भुकटी, आणि पान्हा लावताच डोके हातात. आठ जादा आरे आणि सगळी पितळी निपल, याची किंमत वजनात मोजली तर पाऊणशे ग्रॅम होते.

हुकलेस रिमला ७२.५ पीएसआयची कमाल मर्यादा असते. २८ च्या टायरमध्ये आपल्याला लागणारा दाब तिच्या अगदी जवळ जातो. हुक असलेली रिम घ्या आणि टायर ३० किंवा ३२ चा लावा.

प्रश्न : ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी (ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब स्वारीसाठी) इलेक्ट्रॉनिक गियर भरवशाचे आहेत का? आणि टायटॅनियमचे बोल्ट लावावेत का? (नागपूर)

उत्तर : ४० तासांच्या त्या मुदतीसाठी निघताना पूर्ण चार्ज केलेली बॅटरी पुरते. केबलचे गियर भरवशाचे असतात असे आपण म्हणतो, पण लिव्हरच्या आत तार उसवून तुटणे हा प्रकार लांबच्या स्वारांना चांगला ठाऊक आहे. आवडेल ते घ्या. आपल्याच शहरातील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली; तेवढ्या अंतरात सीट, हाताचे तळवे आणि मान टिकणे हाच मुख्य प्रश्न असतो. टायटॅनियमचे बोल्ट बाटलीच्या घोडीला लावून हौस भागवावी. स्टेम आणि ब्रेकला कंपनीने दिलेले स्टीलचेच राहू द्यावेत.

प्रश्न : कारागीर विचारतो की बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग) प्रेसफिट, म्हणजे कप फ्रेमच्या भोकात दाबून बसवलेले, हवे की आट्यांचे. हलके कोणते? (नाशिक)

उत्तर : प्रेसफिट थोडे हलके पडू शकते, तरीही आट्यांचे घ्या. माझ्या पहिल्या कार्बन सायकलीला प्रेसफिट होते. ज्या दुकानात ती जोडली तिथे कप यंत्राने न दाबता ठोकून बसवले, आणि दुसऱ्या आठवड्यापासून उजवा पाय खाली गेला की ‘कट्’ असा आवाज सुरू झाला. मी पायडल बदलले, चेनरिंगचे बोल्ट आवळले, सीटपोस्टला कार्बनची पेस्ट लावली, आणि चार महिन्यांनी कळले की फ्रेमचे भोकच किंचित लंबगोल होते. आट्यांची नळी चुकली, तरी ती कारागिराला पुन्हा आटे पाडून दुरुस्त करता येते. ठोकलेल्या कपाला तेवढी माफी नसते.

६८ मिलिमीटर रुंदीचे इंग्रजी आट्यांचे माप सांगा. त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात. त्यात गियरच्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणून पायडल मारता मारता कप सैल होत नाही. जुन्या इटालियन फ्रेममध्ये दोन्ही बाजूंचे आटे सरळ असत आणि उजवा कप सैल होण्याची तक्रार त्यातूनच येई. सगळ्या केबल हँडलमधून आत न्यायच्या असतील, तर टी-४७ हे मोठ्या व्यासाचे आट्यांचे माप घ्यावे, आत जागा मिळते.

फ्रेम रंगवून आल्यावर ताब्यात घेण्यापूर्वी कप मागवून घ्या आणि पान्हा न लावता नुसत्या बोटांनी फिरवून पाहा. तीन-चार वेढे सहज गेले तर ठीक. अडखळला, तर आट्यांत रंग राहिला आहे. तिथेच, आपल्यासमोर, टॅप फिरवून साफ करायला सांगा.