ओसाकाला टायटॅनियम कंपोझिटवर पीएचडी: निघण्याआधी हे पक्कं करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरहून मेटलर्जीत एम.टेक. झालंय, ऑक्टोबरात ओसाका, विषय टायटॅनियम बोराइडने बळकट केलेलं टीआय-६४ (टायटॅनियमचा मिश्रधातू: ६ टक्के अॅल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम). तयारी काय करू? घर आणि व्हिसाचं सांगणारे पुष्कळ भेटतील, मी थेट पावडरीवर येतो.

एक म्हणजे, पावडरीचा नमुना सामानात ठेवू नका. बारीक टायटॅनियम पावडर पेट घेते, विमानात ती चालत नाही.

आता हिशोब. १ किलो मिश्रणात आकारमानाने ५ टक्के बोराइड हवं असेल, तर साधारण ३० ग्रॅम टायटॅनियम डायबोराइड आणि ९७० ग्रॅम टीआय-६४ लागतं. भट्टीत डायबोराइड टायटॅनियमशी संयोग पावतं आणि बोराइडच्या सुया तिथल्या तिथे उगवतात. बाहेरून घातलेल्या तंतूंपेक्षा यांची धातूशी पकड चांगली असते, कारण मध्ये ऑक्साइडचा थर नसतो. टोयोटाने १९९८ च्या आल्तेझा गाडीत व्हॉल्व्ह घातले, ते याच जातीच्या साहित्याचे.

बहुतेकांचं काम मिक्सिंगमध्ये बिघडतं. मोठे गोल दाणे (१०० ते २०० मायक्रॉन) घेऊन बॉल मिल (गोळ्या भरलेलं फिरतं भांडं) हळू चालवली, की डायबोराइड दाण्यांवर पिठासारखं चिकटतं. दाबून तापवल्यावर सुया दाण्यांच्या सीमांवर जाळीसारख्या बसतात आणि आतला धातू मोकळा राहतो, म्हणून ताकद वाढूनही तन्यता, म्हणजे न तुटता ताणलं जाण्याचा गुण, शिल्लक राहते. मिल जोरात चालवली तर दाणे फुटतात, नवे पृष्ठभाग उघडे पडतात आणि ऑक्सिजन आत शिरतो. ग्रेड ५ ला (टीआय-६४ चंच प्रमाणित नाव) ऑक्सिजनची मर्यादा ०.२० टक्के आहे. ती ओलांडली की नमुना कडक होतो, पण ठिसूळ होऊन तुटतो. वाईट म्हणजे ही वाढलेली ताकद लोक बोराइडच्या खात्यावर मांडतात! म्हणून डायबोराइड न घालता नुसतं टीआय-६४ त्याच मिलमधून, त्याच भट्टीतून काढा आणि दोन्हींचा ऑक्सिजन मोजा. ही तुलना नसलेल्या आलेखावर माझा विश्वास बसत नाही. ओसाकाचे जून-जुलै चांगलेच दमट. पावडर निर्वातात सुकवूनच घ्या. मिलचं भांडं थंड झाल्यावर, आर्गॉन भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्येच (हातमोजे बसवलेली बंद पेटी) उघडा. आग लागलीच तर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड नको; धातूच्या आगीचं वेगळं अग्निशामक असतं, ते कुठे टांगलंय हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

हॉट प्रेस करताना, म्हणजे पावडर तापवून दाबताना, निर्वातात १२०० अंश सेल्सिअस, १ तास, २० ते २५ मेगापास्कल, इथून सुरुवात करा. तापमान कमी पडलं तर डायबोराइडचे गाभे उरतात: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मधोमध काळा ठिपका आणि त्याभोवती करड्या सुयांची झालर दिसते. भेग बहुतेकदा त्या ठिपक्यापासूनच निघते. जास्त वेळ ठेवलं तर सुया जाड होतात. टीआय-६४ चं बीटा संक्रमण, म्हणजे ज्या तापमानाच्या वर धातूची अल्फा ही स्फटिकरचना जाऊन सगळी बीटा होते ते, ९९५ अंशांच्या आसपास आहे. त्याच्या वरच्या तापमानापासून सावकाश थंड केलंत तर अल्फाच्या पट्ट्याही जाड होतात. स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगमध्ये (साच्यातून वीज सोडून पावडर तापवत दाबणं) काही मिनिटांत काम होतं, पण पायरोमीटर (दुरून तापमान मोजणारं यंत्र) साच्याचं तापमान दाखवतो, नमुन्याचं नव्हे. दोन्हींत बराच फरक पडू शकतो. ग्रॅफाइटच्या साच्यातून पृष्ठभागात कार्बन शिरतो, तो थर किमान १ मिलिमीटर घासून काढा.

एक्स्ट्रूजन केलं, म्हणजे तापलेला धातू साच्याच्या भोकातून दाबून सळई काढली, की सुया सळईच्या दिशेने लोळतात आणि काही तुटतात. लांबीच्या दिशेला आकडे सुंदर येतात, आडवं ओढलं तर पंचाईत. दोन्ही दिशांचे नमुने काढा. वायरकटने (तारेच्या विद्युत ठिणग्यांनी) कापल्यावर वरचा वितळून गोठलेला थर पॉलिशने नाहीसा करा, नाहीतर चाचणीत तोच आधी फुटेल. तिथे ताण-चाचणी जेआयएस झेड २२४१ या जपानी मानकाप्रमाणे घेतात. नमुन्याची मापं प्राध्यापकांना आधीच विचारून घ्या.

एचिंगला (सूक्ष्मदर्शकात रचना दिसावी म्हणून पृष्ठभाग आम्लाने हलका खाणं) क्रोलचं द्रावण: पाणी ९२, नायट्रिक ६, हायड्रोफ्लोरिक २ मिलिलिटर. जपानी येत नसली तरी बाटलीवरचा 'फुक्का सुइसोसान' हा शब्द वाचायला शिकून घ्या, बोलताना नुसतं 'फुस्सान' म्हणतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल ते हेच. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल (या आम्लाच्या भाजण्यावरचं औषध) हाताशी असल्याशिवाय झाकण उघडू नका.