आयसीडी असताना हृदयाचा एमआरआय होतो का?

वडिलांना आयसीडी (हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडले तर शॉक देणारं, छातीत बसवलेलं छोटं मशीन) बसवून तीन वर्षं झाली, डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय सांगितला आणि सेंटरने 'आत मशीन आहे, होणार नाही' म्हणत दारातून परत पाठवलं, असं तुम्ही लिहिलंय. मी निवृत्त एमआरआय टेक्निशियन. असा नकार मीही वर्षानुवर्षं दिलाय. तेव्हा नियमच तो होता.

आता चित्र बदललंय. एमआरआय चालणाऱ्या, म्हणजे आत असतानाही स्कॅन करता येईल अशा, पहिल्या पेसमेकरला अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळाली. 2017 साली तिथले दोन मोठे अभ्यास आले, तेही जुन्या, 'न चालणाऱ्या' मशीनवाल्या पेशंटचे. एकात 1.5 टेस्लावर (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) 1500 स्कॅन झाले, पण छातीचे नव्हे. स्कॅनमुळे कोणी दगावलं नाही, लीड (मशीनपासून हृदयापर्यंत जाणारी वायर) निकामी झाली नाही. एक आयसीडी मात्र तातडीने बदलावं लागलं, कारण स्कॅनआधी त्याचं प्रोग्रामिंग नीट झालं नव्हतं. दुसऱ्या अभ्यासात छातीचे स्कॅनही होते.

पण नुसतं आयसीडी एमआरआय चालणारं असून भागत नाही, लीडही तशाच हव्यात. बॅटरी बदलताना जुन्या लीड तशाच ठेवतात, तिथे घोळ होतो. कधीतरी सोडून दिलेली, कुठेच न जोडलेली लीड आत असेल तर ती अँटेनासारखी वागते आणि टोकाशी तापू शकते. म्हणून आयसीडीच्या कार्डासोबत डिस्चार्जचे कागद आणि छातीचा ताजा एक्स-रे घेऊन जा. लीड बसवून सहा आठवडे व्हायला हवेत, ते तुमचे झालेच आहेत.

आता हृदयाच्या एमआरआयची खरी अडचण, जी मेंदूच्या किंवा गुडघ्याच्या स्कॅनला येत नाही. आयसीडीचा डबा डाव्या खांद्याखाली, म्हणजे बघायचंय त्याच्या शेजारीच. त्यातल्या धातूमुळे चुंबकक्षेत्र वाकडं होतं. गॅडोलिनियम (शिरेतून दिलं जाणारं, चित्रात फरक दाखवणारं औषध) देऊन हृदयाच्या स्नायूवरचा जुना व्रण बघतो त्या चित्रांत निरोगी स्नायूही पांढरा चमकतो, आणि व्रणही पांढराच दिसतो! यावर 'वाइडबँड' नावाचा सीक्वेन्स (चित्र काढायची एमआरआयची ठरावीक पद्धत) आहे, पण तो सगळीकडे नसतो. हलत्या चित्रांसाठीही नेहमीच्या सीक्वेन्सऐवजी ग्रेडियंट एको वापरावा लागतो. पेसमेकरचा त्रास बराच कमी, उजवीकडे असेल तर आणखी कमी. श्वास आत घेऊन धरायला लावला की हृदय जरा खाली सरकतं, तेवढाच फायदा.

म्हणून सेंटरला फोन करताना 'एमआरआय कराल का' एवढंच विचारू नका. आयसीडीवाल्यांचे हृदयाचे स्कॅन करता का, वाइडबँड आहे का, प्रोग्रामर (आयसीडीचं सेटिंग बाहेरून बदलायचं यंत्र) घेऊन कंपनीचा माणूस किंवा डिव्हाइस क्लिनिकचे डॉक्टर हजर असतील का, हे विचारा. तिसऱ्याचं उत्तर 'बघू' आलं तर दुसरं सेंटर शोधा.

स्कॅनआधी आयसीडी तपासून ते एमआरआय मोडमध्ये टाकतात. आयसीडीची शॉक देण्याची सोय तेवढा वेळ बंद असते, म्हणून ईसीजी आणि ऑक्सिजनवर सतत लक्ष ठेवतात आणि बाहेरचा डिफिब्रिलेटर हाताशी ठेवतात. नंतर लीडचे आकडे पुन्हा तपासून जुनं सेटिंग परत टाकायचं असतं. वडील कपडे बदलून निघायच्या तयारीत असतील, तेव्हा 'शॉक परत चालू केला ना?' हे तुम्हीच विचारा, आणि नवं प्रिंटआउट हातात घेतल्याशिवाय हलू नका.