टेकडीसाठी काढलेल्या पेजला फॉलोअर मिळतात, पण कामाला माणसं येत नाहीत. काय करावं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: टेकडीवरच्या झाडांसाठी इन्स्टाग्रामवर पेज काढलं, फॉलोअर भराभर वाढले, पण रविवारी पाणी घालायला बोलावलं की तेच ते चार-पाच जण येतात. मग पोहोच अजून कशी वाढवायची? मी कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडीवर असाच एक गट चालवतो, त्या अनुभवावरून सांगतो. पोहोच भरपूर झाली, आता काम वाटायला लागा.

'उद्या सगळ्यांनी या' हे आवाहन कोणालाच स्वतःसाठी वाटत नाही. रील बघणारा कौतुकाने बदाम टाकतो आणि पुढे सरकतो. एवढे लोक आहेत, माझ्यावाचून काय अडलंय? त्याच माणसाला 'खाणीकडच्या वाटेवरची ही दहा रोपं जूनपर्यंत तुमची' असं नाव घेऊन सांगितलं की तो पाण्याच्या बाटल्या घेऊन चढतो. जमणार नसेल तर आदल्या रात्री स्वतःच बदली शोधतो.

पुण्यात हे फार आधी कोणीतरी ओळखलं होतं. 1870 मध्ये सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी, पुणे सार्वजनिक सभा काढली. निमित्त काय, तर पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारी. विषय अगदी गावातला. सभासद व्हायचं तर निदान 50 जणांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. सुरुवातीच्या 95 सभासदांच्या मागे अशी सुमारे 6,000 माणसं होती. पुढे 1876-77 च्या दुष्काळात याच सभेने ठिकठिकाणची माहिती जमवून सरकारपुढे मांडली. तुमच्या हजारो फॉलोअरपैकी किती जण 'हा आमच्या वतीने बोलतो' असं लिहून देतील? तुमचं वजन तेवढंच. नगरसेवकाला ते बरोबर कळतं.

इन्स्टाग्राम नवख्यांसाठी राहू द्या. एकदा टेकडीवर येऊन गेलेल्यालाच व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या. तिथे 2022 पासून कम्युनिटीची सोय आहे: सूचनांचा एक गट, त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहितात, आणि त्याखाली वाटेवार छोटे गट. चर्चेचा गट मात्र वेगळा हवाच, कारण गिरिपुष्प (टेकडीवर लावलेलं बाहेरच्या देशातलं झाड) काढायचं की राहू द्यायचं यावर दर उन्हाळ्यात आमच्याकडे महाभारत होतं. ते बंद पाडू नका. भांडणाऱ्यांनाच झाडं सगळ्यात जास्त कळतात. (गुड मॉर्निंगची फुलं मात्र निर्दयपणे काढून टाका.)

अ‍ॅडमिन व्हायला लोक पोलिसांच्या भीतीने कचरतात. त्यांना सांगा, सदस्याने आक्षेपार्ह काही टाकलं तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये दिला आहे. मग प्रत्येक वाटेचं अ‍ॅडमिनपद त्या वाटेवरच्याच कोणाला तरी देऊन टाका, आणि पेजवर दर वेळी तुमचाच चेहरा नको. नवीन रोपं लावायची असतील तर आधी वनखात्याशी बोलून घ्या. न विचारता लावली आणि काम अडलं, की अर्धा उत्साह तिथेच मावळतो.

या रविवारी रील टाकू नका. त्या चार-पाच जणांना एकेक वाट द्या आणि पुढच्या वेळी ओळखीचं एकेक माणूस आणायला सांगा. पाऊस लागला की पाणी घालायचं काम संपतं आणि गट थंडावतो, म्हणून आळी करणं आणि तण काढणं कोणाकडे हे आताच ठरवून ठेवा.