युद्ध जाहीर झालेलं नसताना पकडलेला सैनिक युद्धकैदी ठरतो का?

ठरतो. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम २ बघा: दोन देशांत सशस्त्र संघर्ष असला की पुरे, युद्धाची घोषणा लागत नाही.

आमच्या धुळ्यात हा प्रश्न २०१६ मध्ये पारावर चघळला गेला. बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण २९ सप्टेंबरला नियंत्रण रेषा ओलांडून पलीकडे सापडले. चुकून गेले, असं भारताचं म्हणणं. इकडे आजीने बातमीच्या धक्क्यानेच प्राण सोडला. ते वाघा सीमेवरून परतले २१ जानेवारी २०१७ ला, म्हणजे जवळपास चार महिन्यांनी. आता अशा चुकून गेलेल्याला युद्धकैदी म्हणायचं का, यावर वकील भांडत बसतील.

पण एकदा युद्धकैदी ठरला की नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक, एवढंच सांगायचं बंधन. बाकी काढून घ्यायला मारहाण चालत नाही. कॅमेऱ्यापुढे तमाशा करणंही कलम १३ मध्ये बसत नाही, हे दोन्हीकडचे चॅनेलवाले सोयीने विसरतात. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कलम ७०: पकडल्यावर लगेच, किंवा फार तर छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत, कैद्याला घरी एक कार्ड लिहू द्यायचं. मी इथे आहे, तब्येत अशी आहे, बस.