जुना ट्रान्सफॉर्मर घेताना

भावा, सांगलीत हरभट रोडला कुणी जुना ट्रान्सफॉर्मर, म्हणजे रोबोची गाडी होणारं खेळणं, दाखवला तर नुसता रोबो बघून भुलू नकोस. आधी त्याची गाडी करायला लाव. चारही चाकं टेकली पाहिजेत, दारं फट न ठेवता बसली पाहिजेत. नसतील तर आतला एखादा खटका गेलेला असतो. परत रोबो करून घोटे आणि कंबर हलवून बघ. सैल निघाली तर फळीवर उभा राहायचा नाही.

मात्र चकाकत्या सोनेरी प्लॅस्टिकचा, 1990च्या आसपासचा तुकडा असेल तर अजिबात वळवू नकोस. ते आतूनच ठिसूळ होतं, पेटीत न उघडता पडलेलंसुद्धा. सांध्यात पिनेजवळ बारीक तडे दिसले की समजून जा.

1985पासून अस्सल मालाची खूण म्हणून घासल्यावर चिन्ह उमटणारं स्टिकर आलं. ते उष्णतेवर चालतं, त्यामुळे सांगलीच्या मे महिन्यात फार घासावंही लागणार नाही! 1984च्या पहिल्या मालावर ते नव्हतंच, म्हणून नाही दिसलं तर लगेच नकली ठरवू नकोस.

पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल तर भाव पाड. बंदूक, मुठी मोजून घे. सुटा भाग नंतर शोधणं महागात पडतं.