काटा शून्यावर का येत नाही?

वाचकांचे प्रश्न : मनगटी घड्याळं

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या क्रोनोग्राफमधला (स्टॉपवॉच असलेल्या मनगटी घड्याळातला) सेल गळला. मागचं झाकण उघडलं तर कॉइलवर हिरवट थर चढलेला. दुरुस्ती करणारे म्हणाले, ‘मशीनच बदला.’ जुन्या मशीनवर व्हीके63 असा क्रमांक आहे. मला व्हीके64 लगेच मिळालं, घेरही तोच दिसला, म्हणून तेच घेतलं. माझ्या डायलवर 3, 6 आणि 9 अशा तीन ठिकाणी छोट्या डायल आहेत. आजवर मी फक्त सेल आणि पट्टे बदललेत. हे काम घरी जमेल का? आणि नंतर घड्याळ घालून पोहता येईल का?

उत्तर : काटे उपसण्याआधी विचारलंत, हे फार बरं केलंत. व्हीके64 चालणार नाही. दोन्ही मशीन एकाच घरातली, पण 64 मध्ये छोटे काटे दोनच : 3 वर चोवीस तासांचा आणि 9 वर मिनिटं मोजणारा. 6 वर खुंटीच नाही. तुमच्या डायलला तिथे भोक आहे आणि छोटा सेकंदकाटाही आहे. तो तुम्ही बसवणार कशावर? शिवाय 64 मध्ये सतत फिरणारा सेकंदकाटाच नसतो. घड्याळ चालू आहे की बंद, हे कळायला मिनिटकाट्याकडे टक लावून बसावं लागतं. तेव्हा ते परत करा आणि 63 च मागवा. मशीन घेताना घेर शेवटी बघायचा, क्रमांक आधी. क्रमांक तोच असला की काट्यांची भोकं, डायलच्या पायांच्या (मागच्या बारीक खिळ्यांच्या) जागा, खुंट्यांची उंची, चावीची दांडी हे सगळं आपोआप जुळतं. यातलं एक जरी हुकलं तरी हौशी माणसाची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

घरी जमेल का? हे मशीन जमेल. हात थरथरत नसतील, भिंग असेल आणि घाई नसेल तर.

आता सामान. डोळ्याला लावायचं भिंग, बारीक टोकाचे दोन चिमटे, काटे उचलायच्या दोन छोट्या पट्ट्या, काटे दाबायची प्लॅस्टिकच्या टोकाची दांडी, मशीन पकडायचा साचा, धूळ उडवायचा रबरी फुगा आणि धूळ टिपायचा चिकट गोळा. बोटांना रबरी टोप्या घाला. डायलवर बोटाचा ठसा उमटला की तो पुसू नये. पुसल्याने छपाई निघते, ठसा तसाच राहतो.

मशीन बाहेर काढणं सोपं आहे. दांडीजवळ एक बारीक खळगा दिसतो, तो हलकेच दाबून चावी ओढली की दांडी सुटते. त्या वेळी चावी आत ढकललेली हवी की ओढलेली, हे त्या मशीनच्या तांत्रिक पत्रकात दिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय खळग्याला हात लावू नका. चावी चुकीच्या जागी असताना दाबलंत तर आतली पट्टी सरकते आणि दांडी परत बसायला तयार होत नाही. क्रमांक तोच असल्यामुळे तुमची जुनी चावी आणि दांडी तशीच वापरता येईल. नव्या मशीनसोबत येणारी लांब दांडी कापत बसायची कटकट वाचली.

काटे काढताना डायलवर प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीचा तुकडा ठेवा, मग दोन्ही पट्ट्या समोरासमोर धरून एकदम उचला. एका बाजूने उचकटलंत की खुंटी वाकलीच. डायलसुद्धा तशीच, पायांजवळून दोन्हीकडे थोडं थोडं करत सैल करायची. पाय मोडला तर दोन्ही बाजूंनी चिकटणारे ठिपके लावून डायल बसवता येते, पण ती कणभर तिरकी बसली की पुढे तीन छोटे काटे आपापल्या भोकांच्या कडेला घासत राहतात.

खरी परीक्षा काटे बसवताना असते. तुमचं मशीन अर्धं क्वार्ट्‌झ (सेलवर चालणारं), अर्धं यांत्रिक आहे. वेळ क्वार्ट्‌झ सांभाळतं, पण मोजणीचे काटे शून्यावर आणायचं काम एका खऱ्याखुऱ्या हातोडीकडे आहे. रीसेटचं बटण दाबलं की ती हातोडी बदामाच्या आकाराच्या चकतीवर आदळते, चकती घसरत आपल्या खोलगट बाजूवर येऊन थांबते आणि काटा झटक्यात मूळ जागी जातो. ही युक्ती ॲडॉल्फ निकोल या घड्याळजीची, पेटंट 1844 चं. पूर्ण क्वार्ट्‌झ असलेल्या बऱ्याच क्रोनोग्राफमध्ये काटा शून्यावर नसेल तर चावी ओढून, बटणं दाबत तो एकेक घर सरकवता येतो. तुमच्या घड्याळात ती सोय नाही. काटा जिथे बसवाल तिथेच दर वेळी परत येणार.

म्हणून क्रम असा ठेवा. सेल घाला, डायल लावा, दांडी घाला. क्रोनोग्राफ सुरू करा, थांबवा, रीसेट करा, आणि त्यानंतर काटे संपेपर्यंत बटणांना हात लावू नका. आधी छोटे काटे, कारण ते सगळ्यांच्या खाली असतात. 9 वरचा बरोबर शून्यावर बसवा. तारीख असेल तर चावी पुढे फिरवत राहा आणि तारीख पलटली की त्या क्षणी थांबा. तीच मध्यरात्र. 3 वरचा काटा 24 वर, तासकाटा 12 वर, मिनिटकाटा 12 वर. चोवीस तासांचा काटा तासकाट्याला बांधलेला असतो, तो नंतर वेगळा फिरवता येत नाही. इथे चुकलात तर दुपारी दोन वाजता तो पहाटेचे दोन दाखवेल.

मग मधला लांब काटा. याच काट्यावर मी माझं पहिलं घड्याळ घालवलं. तेव्हा काटा ठेवला, चिमट्याच्या पाठीने दाबला, वरून छान सरळ दिसला. रीसेट दाबलं तर 58 वर. काढला, परत बसवला. पहिल्या सेकंदावर. पुन्हा काढला. चौथ्या खेपेला नेमका 60 वर आला, मी खूश होऊन झाकण लावलं. दोन दिवसांनी बघतो तर तिसऱ्या सेकंदावर! झालं होतं असं, की काट्याच्या मागे पितळेची केसासारखी बारीक नळी असते, ती चार वेळा काढघाल करून सैल झाली होती आणि हातोडीच्या दर फटक्याला काटा थोडा थोडा पुढे घसरत होता. त्याला गोंद लावायचा विचार मनात आला होता, हेही कबूल करतो. लावू नका, गोंद खुंटीवरून खाली मशीनमध्ये उतरतो. सैल काट्याला नवा काटा हाच उपाय.

तेव्हा एकदाच नीट बसवायचा. काटा 14 मिमी लांब असेल तर डायलच्या कडेला एक सेकंद म्हणजे जेमतेम दीड मिमी. व्हीके63 चा काटा सेकंदाला पाच ठोके घेतो, म्हणजे एका ठोक्याला 0.3 मिमी सुद्धा नाही. एवढी चूक तिरक्या नजरेने सहज होते. एक डोळा मिटून, भिंग बरोबर मध्यावर धरून, काट्याचं टोक आणि शेपूट दोन्ही 12–6 च्या रेषेवर आहेत ना ते बघा. आधी नुसता टेकवा, मशीन फिरवून दोन बाजूंनी पाहा, मगच पूर्ण दाबा. दाबताना मशीन साच्यात सपाट बसलेलं हवं. मधे पोकळी राहिली तर जोर खालच्या भागांवर जातो. मग दहा वेळा सुरू, थांबा, रीसेट. काटा दहाही वेळा तिथेच आला तर पास.

शेवटी मशीन उजेडासमोर आडवं धरा आणि चावीने काटे बारा तास फिरवा. कोणत्याही दोन काट्यांमधून उजेडाची फट दिसली पाहिजे. काचेच्या आत एक केस मात्र राहतोच, आणि तो झाकण लावल्यावरच दिसतो. माझ्याकडे यावर इलाज नाही.

पोहायचं म्हणाल तर नको. झाकणाची रबरी रिंग नवी घालून तिला सिलिकॉन ग्रीस लावा, पण दोन्ही बटणांच्या आतही रिंगा असतात आणि त्या तुम्ही बघितलेल्या नाहीत. दाबाची चाचणी होईपर्यंत हात धुतानासुद्धा सांभाळा.

प्रश्न : माझ्याकडे व्हॅल्जू 7750 मशीनचा ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारा) क्रोनोग्राफ आहे. अलीकडे मागे पडतो. त्या मशीनच्या जागी सेलिटा एसडब्ल्यू500 हे मशीन बसवावं का? मापं सारखीच वाचली.

उत्तर : मापं सारखीच आहेत, 30 मिमी व्यास आणि 7.9 मिमी जाडी. एसडब्ल्यू500 त्याच धर्तीवर बनवलेलं आहे. पण मागे पडतं म्हणून मशीन फेकायचं? सांधे दुखतात म्हणून माणूस बदलत नाही कुणी. बहुधा तेल सुकलंय किंवा मळलंय. ते सगळं सुटं करून, धुऊन, नवं तेल देऊन परत जुळवायला हवं, आणि ते काम शिकलेल्या हाताचं. क्रोनोग्राफ चालू असतानाच मागे पडतं की बंद असतानाही, एवढं मात्र स्वतः बघून ठेवा; दुरुस्त करणाऱ्याचा वेळ वाचेल. चालू असतानाच पडत असेल तर ओझं कुठे वाढतंय याचा शोध क्रोनोग्राफच्या बाजूने सुरू होतो. पहिल्यांदा उघडायचं म्हणून मात्र या मशीनला हात घालू नका. मधला काटा दाबताना त्याच्या खुंटीच्या खालच्या दगडाला (खुंटी ज्यात फिरते त्या बारीक माणकाला) पाठीमागून आधार द्यावा लागतो. तो न देता दाबलंत तर दगड सरकतो किंवा फुटतो.

प्रश्न : एक जुना, चावी द्यायचा क्रोनोग्राफ मिळालाय. मशीन गंजलंय, डायल सुंदर आहे. आकड्यांवरचा पिवळा, भुसभुशीत लेप अंधारात चमकत नाही. तो खरवडून, डायल धुऊन नव्या मशीनवर लावली तर?

उत्तर : खरवडू नका. लेप चमकत नाही याचा अर्थ तो निरुपद्रवी झाला असा नाही. 1960 च्या आधीच्या डायलवर तो रेडियमचा असू शकतो. चमक देणारी पूड काही दशकांत थकते, पण रेडियम अर्धं व्हायला सुमारे 1600 वर्षं लागतात. खरी भीती धूळ श्वासातून आत जाण्याची आहे आणि खरवडल्यावर नेमकी तीच उडते. झाकण मिटा, घड्याळ घट्ट बंद होणाऱ्या डब्यात ठेवा, हात धुवा. तपासणी झाल्याशिवाय ते पुन्हा उघडू नका, काटेही काढू नका. काट्यांवरही तोच लेप असतो.